माळवदावरच्या रात्री आणि मतांचे दिवस

प्रतिवर्षीं वैशाखाच्या सुमारास या सदरासाठीं लिहावयास बसलों म्हणजे आमची लेखणी आपोआप ईटकडे वळते. धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यांतील हें आमचें गांव बालाघाटाच्या पठारावर वसलेलें आहे. तेथें समुद्र नाहीं, थंड हवेचें ठिकाण म्हणून मिरवावें असें कांहीं नाहीं, आणि पाहुण्यांस मुद्दाम हिंडवून दाखवावें असें वैभवहि नाहीं. उन्हाळ्यांत पारा चाळिशीच्या पलीकडे जातो. तरी सुटी लागतांच पुण्यामुंबईचीं आमचीं नातवंडें "ईटला केव्हां जायचें?" म्हणून धरणें धरून बसत, याचें कारण एकच; तें म्हणजे आमच्या जुन्या घराचें माळवद.

कोंकणांतील किंवा शहरांतील वाचकांसाठीं सांगावयास हवें कीं, माळवद म्हणजे मातीचें सपाट छप्पर. सागाच्या जाड तुळया, त्यांवर आडव्या बारीक लांकडांचा थर, त्यावर पाला, आणि सर्वांवर हात-दीड हात पांढऱ्या मातीचा बडवून बसविलेला गिलावा. आमच्या मराठवाड्यांतील जुनीं घरें अशींच बांधलेलीं. भर दुपारीं अंगणांतून माजघरांत पाऊल टाकावें तों डोळ्यांपुढें क्षणभर अंधारी यावी आणि अंगावर गारव्याचा हात फिरावा, अशी त्या मातीची किमया. मेच्या मध्याच्या सुमारास आमच्याकडे एक दिवस असा येतो कीं, दुपारीं माणसाची सांवली नेमकी त्याच्या पायांखालीं जाते. मुलें तो दिवस अंगणांत तांब्या उपडा ठेवून साजरा करितात. त्या दिवशींहि माजघरांत पंख्यावांचून निजतां येत असे. आम्ही हें अनुभवानें लिहितों. विजेचा भरवंसा आमच्या गांवांत कोणींच फारसा धरीत नाहीं.

उन्हाळ्याचीं सुखें हीं बहुधा अशीं असतात कीं, त्यांचा हिशेब कोणी मांडीत नाहीं. पहांटे माळवदावर जुनें धोतर अंथरून त्यावर कुरड्या घालण्याचा सोहळा घ्या. गहूं तीन दिवस भिजत घालून, वाटून, पिळून त्याचें सत्त्व काढलेलें असतें. तें चुलीवरच्या पातेल्यांत शिजूं लागलें म्हणजे घरांतील पोरें एकेक वाटी घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर रांगेनें बसतात. गव्हाचा तो ऊन ऊन चीक, त्यावर तुपाची धार आणि साखर. आमच्या मतें कुरडई हा त्या चिकाचा केवळ उरलेला भाग होय. परंतु हें मत घरांतील स्त्रियांपुढें बोलूं नये. मग सोऱ्या दाबतांना दुखणारे दंड, पापडाच्या तेल लावलेल्या कच्च्या लाट्या पळविणारे चोर, आणि वाळवण राखण्यासाठीं काळी छत्री उघडून बसविलेला एखादा रडका पहारेकरी. कावळे त्याला ओळखून असतात. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची आंब्याची डाळ आणि पन्हें, दुपारच्या झोपेनंतर माठांतील वाळा घातलेलें पाणी, आढीच्या खोलीचें दार किलकिलें करून घेतलेला वास, यांतील एकहि वस्तु पैशानें महाग नाहीं. गांवांत खव्याच्या भट्ट्या असल्यामुळें आम्हांस आणखी एक सुख अधिक. मोठ्या लोखंडी कढईंत म्हशीचें चार-पांच लिटर दूध आटवावें तेव्हां कोठें किलोभर खवा हातीं येतो. त्या कढईला चिकटलेली खरवड मुलांच्या हक्काची. शेजारच्या कुंथलगिरीच्या नांवानें आमच्या भागांतील खव्यास अलीकडे भौगोलिक मानांकन मिळालें. खरवडीस अद्याप कांहीं मिळालेलें नाहीं.

परंतु मुख्य सुख रात्रीचें. सूर्य मावळला कीं माळवदावर पाण्याचा हलका सडा घालावयाचा, मातीचा वास सुटावयाचा, आणि नऊच्या सुमारास सर्व घरानें अंथरुणें वर न्यावयाचीं. उत्तरेस सप्तर्षि उंच आलेले, त्यांच्या शेपटाची वांकण तशीच पुढें नेली कीं तांबूस स्वाती, त्याहून पुढें शुभ्र चित्रा. मध्यरात्रीच्या सुमारास जाग आली तर दक्षिणेकडे वृश्चिकाची नांगी आणि लाल ज्येष्ठा. आमच्या वडिलांनीं आम्हांस हें तेथेंच दाखविलें, आम्हीं मुलांस तेथेंच दाखविलें. एका ओळींत पंधरा-सोळा माणसें निजलेलीं, आणि बोलणें कोठून कोठें जाई याला धरबंद नाहीं. घरांतील पुष्कळशीं लग्नें, वांटण्या, नोकऱ्या आणि समेट अंधारांत तेथेंच ठरले. अंधारांत एकमेकांचीं तोंडें दिसत नाहींत ही त्या सभेची मोठी सोय होती.

सन २०२४ च्या उन्हाळ्यांत मात्र या सभेंत भलताच विषय शिरला. लोकसभेची निवडणूक लागली होती. देशांत १९ एप्रिल ते १ जून असें सात टप्प्यांत मतदान होतें, आणि आमच्या मतदारसंघाची पाळी तिसऱ्या टप्प्यांत, ७ मे रोजीं. जिल्ह्याचें नांव तोंपर्यंत अधिकृतरीत्या धाराशिव झालें होतें, परंतु लोकसभेच्या मतदारसंघाचें नांव उस्मानाबाद हेंच राहिलें होतें. त्यामुळें आम्ही धाराशिवचे रहिवासी आणि उस्मानाबादचे मतदार अशी गंमत. पण खरी गंमत पुढेंच आहे. शिवसेना २०२२ सालीं फुटली, राष्ट्रवादी काँग्रेस २०२३ सालीं फुटली. एका पक्षाचे दोन झाले, दोहोंचे चार झाले, आणि धनुष्यबाण, घड्याळ हीं वर्षानुवर्षें ओळखीचीं चिन्हें एकीकडे गेलीं तर त्यांस मत देणारीं कित्येक माणसें दुसरीकडे राहिलीं. आमच्या मतदारसंघांत मुख्य झुंज मशाल आणि घड्याळ यांची. मुलांनीं लगेच माळवदाचे दोन भाग केले. एका बाजूस बॅटरीचा उजेड पाडणारे मशालवाले, दुसऱ्या बाजूस गजराचें घड्याळ भर मध्यरात्रीं वाजविणारे घड्याळवाले. मशालवाल्यांच्या बॅटरीचे सेल संपले आणि घड्याळ वहिनींनीं जप्त केलें, तेव्हां तो लढा मिटला.

मोठ्यांचा लढा मात्र मिटण्याजोगा नव्हता. आमचे वडील बंधु अण्णा शिक्षकी पेशांतून निवृत्त झालेले, धाकटे बंधु बापू शेती पाहतात. दोघे एका ताटांत जेवलेले, आणि राजकारणांतहि वर्षानुवर्षें एकाच बाजूचे. पक्ष फुटला आणि दोघेहि जागचे न हलतां एकमेकांच्या विरुद्ध होऊन बसले. आम्ही पाडव्याला, म्हणजे ९ एप्रिलला, गांवीं पोंचलों तेव्हां गुढी एकच उभारलेली होती, परंतु तिची पूजा करावयास दोघे निरनिराळ्या वेळीं आले. फार कांहीं मोठें भांडण झालें होतें असें नव्हे. पारावर चारचौघांत अण्णा बापूंस म्हणाले, "तुला शिकवलं ते वाया गेलं." बापूंनीं उत्तर दिलें, "शिकवलं तुम्ही, म्हणूनच विचार करतो." एवढेंच. पण चारचौघांसमोर बोललेले शब्द घरांत आणून पुसतां येत नाहींत. त्या दिवसापासून दोघांचा अबोला. जेवणाच्या पंक्ती दोन झाल्या, आणि माळवदावर बापूंनीं आपलें अंथरूण पार दक्षिणेच्या कठड्यापाशीं नेलें.

वाचकांतील पुष्कळांस हा प्रकार ओळखीचा वाटेल. एकत्र कुटुंबांत मतभेद नवे नाहींत. टिळक-आगरकरांच्या वादावरून पाटावरून उठून गेलेलीं माणसें आमच्या आजोबांनीं पाहिलेलीं होतीं. फरक इतकाच कीं, तेव्हां माणूस भांडून घरीं आला म्हणजे भांडण बाहेर राही. आतां तें खिशांतल्या फोनमधून उशापर्यंत येतें. बापूंच्या अंथरुणाकडे रात्रीं बारा वाजतां निळा उजेड दिसे, अण्णांच्या अंथरुणाकडेहि दिसे, आणि दोघेहि आपापल्या बाजूचीं तींच तींच भाषणें पुनःपुन्हां ऐकत पडलेले. वरती सप्तर्षींनीं आपलें काम चालविलेलें होतें. आम्ही दोघांच्या मध्यें निजत असूं. समेट करण्याचा एक-दोनदां प्रयत्न केला आणि दोन्हीकडून "तुम्हांला पुण्यांत बसून काय कळतंय" हें ऐकून गप्प बसलों.

पाण्याची तर त्या वर्षीं दशाच होती. २०२३ चा पावसाळा कोरडा गेलेला. सरकारनें राज्यांतील चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत आमच्या जिल्ह्यांतील वाशी, धाराशिव आणि लोहारा हे तीन होते. त्या यादींत भूम नव्हता. परंतु आमच्या वाड्यांतील आडास ती यादी वाचतां येत नसल्यामुळें तो फाल्गुनांतच आटला. माळवदावर सडा घालणें बंद झालें. सभांना येणाऱ्या मोटारींची धूळ आणि टँकरची धूळ एकाच रस्त्यावर उडत होती. सभा उठल्यावर लोक पाण्याच्या पाळीस जात. कोणत्याहि वक्त्याचें भाषण आम्हांस आज आठवत नाहीं, परंतु टँकर येण्याची वेळ घरांतील प्रत्येकास पाठ होती.

याच दिवसांत घरांत आणखी एक मतदान व्हावयाचें होतें. माळवद काढून स्लॅब टाकावयाचा कीं नाहीं? बापूंच्या मुलानें हा प्रश्न काढला. तो बांधकामाचें शिकलेला आहे. त्यानें शांतपणें सांगितलें कीं, तुळया दोन ठिकाणीं किडलेल्या आहेत, वरची माती प्रतिवर्षीं थोडी थोडी वाढत गेल्यामुळें भार अतोनात झाला आहे, आणि खालच्या भिंती दगडमातीच्या आहेत. मग त्यानें ३० सप्टेंबर १९९३ ची आठवण दिली. गणपतीचें विसर्जन होऊन गांवें निजलीं होतीं, पहांटे चारच्या सुमारास किल्लारीच्या भूकंपानें लातूर आणि आमच्या जिल्ह्यांतील उमरगा-लोहाऱ्याकडचीं खेडींच्या खेडीं गाडलीं. हजारों माणसें मेलीं, तीं बहुतेक भूकंपानें नव्हे तर घरांनीं मारलीं. जाड दगडी भिंती आणि माळवदाची माती निजलेल्यांच्या अंगावर आली. त्या पहांटे आमच्याकडेहि भांडीं वाजलीं होतीं. त्यानंतर कित्येक महिने आमचें सारें घर अंगणांत निजत होतें, हें आम्हांस स्मरत होतें. परंतु उन्हाळा आला कीं आम्हांस तें विसरावयाचें असे.

आम्हीं अर्थात् माळवदाच्या बाजूनें भाषण केलें. गारवा, तारे, वडिलांची आठवण, सर्व कांहीं आणलें. आमचें झाल्यावर थोरल्या वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही मे महिना बघता. आम्ही जुलै बघतो." आणि मग त्यांनीं जें सांगितलें तें आम्हीं चाळीस वर्षें ऐकलें नव्हतें, कारण आम्हीं विचारलेंच नव्हतें. पहिल्या पावसापूर्वीं पांढरी माती डोक्यावरून वाहून वर टाकावी लागते. भरपावसांत रात्रीं उठून कोठें गळतें तेथें परात, बादली, पातेलें लावावें लागतें. एकदां बाळंतिणीच्या खाटेवर गळूं लागलें म्हणून खाट तीनदां हलविली. तुळयांच्या खोबणींतून विंचू पडतात. माती बारा महिने झरते, ती अन्नांत पडूं नये म्हणून चुलीच्या वर कापड बांधावें लागतें आणि तें आठवड्यास धुवावें लागतें. धाकट्या वहिनींनीं हळूच भर घातली, "आणि कुरड्या स्लॅबवर लवकर वाळतात." घरांतील सर्व स्त्रिया स्लॅबच्या बाजूच्या निघाल्या. पुरुषांत आम्ही माळवदवाले, अण्णाहि माळवदवाले, बापू स्लॅबवाले. येथेंहि अण्णा आणि बापू समोरासमोर आले हें पाहून आम्हांस भाषण केल्याचा पश्चात्ताप झाला.

राहिल्या काकू. आमच्या चुलत्यांच्या पत्नी, वय नव्वदीच्या पुढें. घरांतील सर्व त्यांच्या मताची वाट पाहत होते. त्या म्हणाल्या, "आधी दिल्लीचं मत देऊन येते, मग घराचं सांगते."

काकूंच्या मताची कथा थोडी जुनी आहे. त्या लग्न होऊन या घरांत आल्या तेव्हां ईट निजामाच्या राज्यांत होतें. त्यांचा दुसरा उन्हाळा म्हणजे १९४८ चा. देश स्वतंत्र झालेला, पण आमचा मुलूख नव्हे. रझाकारांच्या धास्तीनें त्या उन्हाळ्यांत माळवदावर कोणी निजत नसे; वर दोन माणसें पहाऱ्यास बसत, आणि खालीं बायकांनीं दागिने पिठाच्या डब्यांत लपवून जागावें. अखेरीस एका रात्रीं बैलगाडी जुंपून घरांतील बायकामुलांस सरहद्दीपलीकडे, नगर जिल्ह्यांतील खर्ड्याकडे पाठविलें. खर्डें म्हणजे तेंच, जेथें १७९५ सालीं मराठ्यांनीं निजामाचा पराभव केला. पण काकूंस त्या रात्रीं इतिहास आठवला नाहीं, त्यांस आढीला घातलेले आंबे आठवले. तीन आढ्या तशाच सोडून त्या निघाल्या होत्या. सप्टेंबरांत हैदराबाद मोकळें झालें, सर्व घरीं परतलें. आढीच्या खोलींत कोयी राहिल्या होत्या. "कुणी का होईना, खाल्ले," असें काकू त्यावर म्हणतात.

त्यानंतर तीनेक वर्षांनीं पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. त्या काळीं प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असे, आणि तिच्यावर त्याचें चिन्ह चिकटविलेलें असे. मताची चिठ्ठी हव्या त्या पेटींत टाकावयाची. मतदारांच्या याद्या करतांना देशभर एक अडचण आली होती. पुष्कळ स्त्रियांनीं स्वतःचें नांव सांगितलें नाहीं, अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेंच सांगितलें. आणि अशा सुमारें अठ्ठावीस लाख स्त्रियांचीं नांवें याद्यांतून वगळलीं गेलीं. यादी करणारा कारकून आमच्या दारीं आला तेव्हां आजींनीं दारांतूनच "आमची धाकटी सून" असें सांगून टाकलें. काकू दाराआडून पुढें आल्या आणि त्यांनीं आपलें नांव स्पष्ट सांगितलें. आजी त्यांच्याशीं दोन दिवस बोलल्या नाहींत. तेव्हांपासून काकूंनीं एकहि मतदान चुकविलेलें नाहीं.

२०२४ सालीं पंच्याऐंशी वर्षांवरील मतदारांस अर्ज भरून घरूनच मत देण्याची सोय होती. अण्णांनीं अर्जाची चौकशी केली होती. काकूंनीं तो कागद परत दिला. "माणसं घरी येऊन मत घेऊन जातील. मग मला गाव कोण दाखवील?" वर्षभर त्या उंबऱ्याबाहेर पडल्या नव्हत्या. मतदान मंगळवारीं. उन्हापूर्वीं जावयाचें ठरलें. चाकांची खुर्ची होती, परंतु आमच्या गल्लीचा चढ आणि दगड पाहतां ती पुढून एकानें आणि मागून एकानें उचलल्यावांचून नेणें अशक्य. बापूंचा मुलगा त्या दिवशीं मतदान केंद्राच्या बंदोबस्तांत कोठें तरी गुंतलेला. आमच्या गुडघ्यांविषयीं न लिहिलेलेंच बरें. सकाळीं साडेसहा वाजतां अण्णा खुर्चीच्या मागें येऊन उभे राहिले. बापू पुढें येऊन उभे राहिले. कोणी कोणास बोलाविलें नव्हतें.

वाटेंत काकूंनीं खुर्ची तीन ठिकाणीं थांबविली. एकदां मारुतीपुढें, एकदां जुन्या शाळेच्या भिंतीपाशीं, आणि एकदां खव्याच्या भट्टीसमोर. भट्टीवाल्यानें ओळखून पळसाच्या पानावर चिमूटभर ऊन खवा आणून दिला, त्या म्हणाल्या, "मत देऊन येताना खाईन, आधी तोंड गोड केलं तर लाच म्हणतील." रांगेंतील लोकांनीं त्यांस पुढें सोडलें. आंत बसलेल्या अधिकाऱ्यानें यादींतील क्रमांक आणि नांव मोठ्यानें उच्चारलें, आणि बरोबर आलेलीं पोरें दारांतच थबकलीं. आपल्या पणजीस नांव आहे हें त्यांनीं प्रथमच ऐकलें. घरांत त्यांस काकू, आजी, पणजी याखेरीज कोणी कांहीं म्हणत नाहीं. ज्यांनीं नांवानें हांक मारावी असें माणूस आतां कोणी उरलेलें नाहीं. तें नांव आम्हीहि येथें लिहीत नाहीं, कारण त्यांस न विचारतां तें छापणें बरें दिसणार नाहीं. बोटाची शाई त्या परतीच्या वाटेवर सर्वांस दाखवीत आल्या. कोणास मत दिलें हें मात्र अण्णांनीं विचारलें नाहीं, बापूंनींहि विचारलें नाहीं. विचारलें असतें तर काय ऐकावें लागलें असतें हें दोघांस ठाऊक होतें.

त्या रात्रीं चैत्राची अमावास्या होती, चंद्राचा पत्ता नव्हता, प्रचार संपून गांवहि निःशब्द झालेलें. आम्ही सर्व वर निजलों. अण्णांचें अंथरूण उत्तरेस, बापूंचें दक्षिणेस, नेहमीप्रमाणें. बऱ्याच वेळानें अंधारांतून अण्णांचा आवाज आला, "वळणावरचा तो दगड सकाळी लक्षात आला नाही. खुर्ची कलली असती." थोड्या वेळानें दुसऱ्या टोकाकडून उत्तर आलें, "मला दिसला होता. मी धरून होतो." यापलीकडे कांहीं बोलणें झालें नाहीं. आम्ही जागेच होतों. परंतु झोंपलों आहों असें दाखविणें आम्हांस शहाणपणाचें वाटलें.

तीन दिवसांनीं अक्षय्यतृतीया. गांवरान आंबा अद्याप पाडास आला नव्हता, म्हणून बाजारांतला केशर आणून पितरांस दाखविला. पितरांची घागर भरावयास त्या दिवशीं टँकरचें पाणी घ्यावें कीं विकतचें, यावर स्वयंपाकघरांत चर्चा झाली. शेवटीं बापू पहांटेच शेतांतल्या विहिरीचा तळ खरवडून दोन कळशा घेऊन आले. पाणी गढूळ होतें, तुरटी फिरवून निवळावें लागलें. तर्पण अण्णांनीं केलें. पंक्त त्या दिवशीं एक झाली, रस-कुरडई झाली, पण दोघांचीं पानें आम्हीं दोन टोकांस मांडलीं होतीं. घाई करण्यांत अर्थ नव्हता. ४ जूनला निकाल लागला तेव्हां आम्ही पुण्यास परतलों होतों. एका घरांत पेढे वांटले गेले आणि न वांटले गेले, असें दोन्हीं झालें, एवढें वहिनींच्या फोनवरून कळलें.

आणि माळवद? काकूंनीं आपलें मत त्याच आठवड्यांत दिलें. त्या म्हणाल्या, "ज्यांनी पाऊस काढला त्यांचं ऐका." पुढच्या उन्हाळ्यांत, २०२५ सालीं, निम्मा भाग उतरविला, निम्मा पैसे नाहींत म्हणून राहिला. माती उतरवावयास आठ दिवस लागले. इतकी वर्षें साठलेली ती पांढरी माती शेतास उत्तम खत होते, हें गांवांत पोरालाहि ठाऊक आहे, आणि ती मागावयास चार शेजारी आले. बापूंनीं कोणास न विचारतां सर्व ट्रॉल्या अण्णांच्या वांट्याच्या रानांत नेऊन ओतल्या. अण्णा म्हणाले, "तुझ्या रानाला टाकायची होतीस." बापू म्हणाले, "तुमचं रान हलकं आहे."

त्या मेमध्यें मुलें नव्या स्लॅबवर निजावयास गेलीं आणि तासाभरांत गाद्या घेऊन जुन्या माळवदावर परत आलीं. स्लॅब मध्यरात्रीपर्यंत तव्यासारखा तापलेला. कुरड्या मात्र एका दिवसांत कडकडीत वाळल्या, हें धाकट्या वहिनींनीं आम्हांस दोनदां दाखवून सांगितलें. उतरविलेल्या सागाच्या तुळया अंगणांत चिंचेखालीं रचून ठेविल्या आहेत. त्यांचें काय करावयाचें हें अद्याप ठरलेलें नाहीं, आणि संध्याकाळीं अण्णा त्यांवर बसून वर्तमानपत्र वाचतात.